येथे रंगीत टीव्ही दुरुस्त होणार नाही

पेणला एसटी स्टँडकडून बाजाराच्या दिशेने निघालं की उजव्या हाताला माझं दुकान. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, पाण्याच्या मोटरी, जे काही जळेल ते मी दुरुस्त करतो. आणि दुकानाच्या कपाळावर पस्तीसेक वर्षं एक पाटी होती, 'येथे रंगीत टीव्ही दुरुस्त होणार नाही.' पाटी माझ्या थोरल्या भावाने रंगवलेली. त्याचं अक्षर असं की माणूस आधी अक्षराचं कौतुक करायचा आणि मग विचारायचा, "पण का होणार नाही हो?"

"नाही म्हणजे नाही. वर लिहिलंय ते वाचता येतं ना?"

राग माझ्या नाकावर असतो, हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. बायको म्हणते, नाकावर असता तर पुसून टाकला असता, तुमचा मेला हाडात आहे. असेल. पण त्या पाटीचं कारण राग नव्हतं. कारण होतं चार शब्दांचं एक वाक्य. मी एकोणीस वर्षांचा असताना रोह्याला, भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर ते मला ऐकवलं गेलं होतं. "तुझ्या हातात रंग नाय."

हे पेणच्या माणसाला म्हणायचं! तेही गणपतीवाल्याच्या घरातल्या! आमच्या घरी चार पिढ्या गणपतीचा कारखाना. वडील आखणी करायचे, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. मूर्तीला आधी पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग सोनं, आणि सगळ्यात शेवटी आखणी. दुसरं बुबुळ झालं की वडील ब्रश खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "झाला देव." तोपर्यंत ती नुसती माती. मी त्या रंगांच्या डब्यांत लोळत मोठा झालो. पण मला ओढ होती खोक्याच्या आत काय असतं त्याची. घरातला रेडिओ तीनदा उघडून तिन्ही वेळा बंद पाडल्यावर वडील म्हणाले, बाबा रे, तू जा, जिथे हे शिकवतात तिथे जा.

ते शिकवत होते रोह्याला, मास्तर. मास्तर म्हणजे टीव्हीचे मास्तर, शाळेचे नव्हेत. रंगीत टीव्ही नवीन होते, आणि अख्ख्या पट्ट्यात ते खोलायची हिंमत या एका माणसात होती. नागोठण्यापासून लोक सेट चादरीत गुंडाळून घेऊन यायचे. दुकान पुढे, घर मागे, मधल्या दारात काकू. काकू म्हणजे मास्तरांची बायको. ती त्या उंबऱ्यावर बसून भाजी निवडायची, तांदूळ निवडायची, आणि निवडायला काहीच नसलं तरी बसायची.

मास्तरांच्या कामाच्या तऱ्हा निराळ्या होत्या. रेझिस्टरवर रंगांचे पट्टे असतात, त्यावरून किंमत वाचायची असते, सगळं जग तसंच वाचतं. मास्तर नाही. प्रत्येक रेझिस्टर मीटर लावून मोजायचे. "रंगावर विश्वास ठेवू नको, मीटर खोटं बोलत नाय." आणि पिक्चर ट्यूबकडे लाल, हिरवी, निळी अशा तीन वायरी जातात, त्यांना शिवणाच्या दोऱ्याच्या गाठी मारायच्या. लालला एक, हिरवीला दोन, निळीला तीन. मी विचारलं, "गाठी कशाला, मास्तर? रंग हायत की त्यांना."

"दुकानाची पद्धत हाय. मार."

मारल्या. आजही मोटरीच्या वायरी सोडताना मी गाठी मारतो. का, ते कुणी विचारलं तर मी पण सांगतो, पद्धत आहे.

आणि शेवटची तऱ्हा अशी. सेट दुरुस्त झाला की मास्तर रंगाचं बटण पूर्ण बंद करायचे आणि आधी चित्र काळं-पांढरं, स्वच्छ करडं करून घ्यायचे. "आधी करडा, मग रंग." मग रंग उघडायचे, आणि मान वर न करता विचारायचे, "काय म्हणतेस गो?"

काकू उंबऱ्यावरून स्क्रीनकडे बघायची. मग शेजारी बसलेल्या मास्तरांच्या तोंडाकडे. परत स्क्रीनकडे. "लाल कमी करा. थोडं अजून. हां." आणि भाजीकडे वळत म्हणायची, "आता झाला माणूस." तिने तसं म्हटल्याशिवाय सेट दुकानाबाहेर जायचा नाही. मला वाटायचं, काय प्रेम आहे नवरा-बायकोचं! एवढा मोठा कारागीर, पण बायकोला विचारल्याशिवाय बटण सोडत नाही.

तीन वर्षांत मास्तरांनी मला रंग कधी लावू दिला नाही. मग एकदा काकू माहेरी गेली, गडबला, भावाच्या लग्नाला. त्याच दिवशी कंपनीतल्या एका साहेबाचा सेट द्यायचा होता. मास्तर बराच वेळ बटणाला हात लावून बसले. मग उठले. "आज तू लाव रंग."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी करडा केला, रंग उघडला, बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा मन लावून जमवला. गालांवर कसा तजेला, कपाळ कसं सतेज! मास्तरांना हाक मारली. ते आले, स्क्रीनसमोर उभे राहिले, खूप वेळ बघितलं, आणि म्हणाले, "ठीक हाय. दे बांधून."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब तो सेट घेऊन परत. दुकानात आठ-दहा माणसं. "मास्तर, अहो ही बाई बातम्या देतेय की मखरात बसलीय? पोरांनी माझ्या आरती सुरू केली!"

दुकान हसलं. मी सेटकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. तो रंग मला तोंडपाठ होता. तो आमच्या कारखान्यातला गणपतीच्या अंगाचा गुलाबी. जन्मापासून चेहरा म्हणून मी तोच रंग बघत आलो होतो. मी माणूस करायला बसलो होतो आणि देव करून ठेवला होता. अशी चूक सगळ्या दुनियेत पेणचाच माणूस करील.

साहेब तिथेच थांबता तर निभावलं असतं. पण तो पुढे म्हणाला, "आणि तुम्ही बघून पाठवलात? डोळे आहेत की शर्टाची बटणं?"

मास्तरांचा चेहरा उतरला. मग ते माझ्याकडे वळले आणि ते वाक्य म्हणाले. तुझ्या हातात रंग नाय. उद्यापासून येऊ नको.

चूक माझी होती, मान्य. शंभरदा मान्य. पण बघितलं तर त्यांनीच होतं ना! ठीक हाय म्हणाले ते त्यांच्याच तोंडाने! हे मला आयुष्यभर पचलं नाही. मी पेणला परत आलो, दुकान टाकलं, आणि पहिला रंगीत सेट घेऊन माणूस आला तेव्हा मी बटणाकडे हात नेला आणि हात मागे घेतला. म्हटलं, नाहीच ना हातात रंग, मग कशाला? भावाला म्हणालो, एक पाटी लिहून दे.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. दुकानात फोन आला. बाईचा आवाज, "काका, ओळखलंत? मी रोह्याच्या मास्तरांची मुलगी."

मी शिकायला होतो तेव्हा ही दोन वेण्या घालून दुकानात सोल्डरच्या तारेचे हार करायची. आता तिची मुलं कमावती झालीत. ती सांगत होती, काकू गेली त्याला चार वर्षं झाली. मास्तर एकटे. पंधरा दिवसांनी, रविवारी, ती त्यांना पनवेलला आपल्या घरी नेणार होती, रोह्याचं घर रिकामं करायचं होतं. "सगळं आवरलं. आईचा टीव्ही तेवढा राहिलाय. तो जुना, लाकडी खोक्याचा. आई गेली तेव्हापासून बंद आहे. भंगारवाल्याला बोलावलं तर बाबा दारात आडवे झाले. म्हणाले, पेणला पाठव. त्याने लावला तर लावला, नायतर मग घाला भंगारात. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चाळीस वर्षं! एक पोस्टकार्ड नाही, एक निरोप नाही, आणि आता सेट पाठवतायत! मी म्हणणार होतो, ताई, माझ्या दुकानावर पाटी आहे, ती वाचा. पण तोंडातून निघालं, "टेंपोत आडवा घालू नका. उभा ठेवा, आणि काचेकडून गादी लावा."

फोन ठेवला तर बायको समोर उभी. तिला सगळा इतिहास ठाऊक, लग्नाच्या पहिल्या वर्षीच ऐकवलेला. ती म्हणाली, "एरवी म्हटलं असतं, हात दाखवून अवलक्षण कशाला? पण आता तर हात बघायला तेच आलेत."

"मला एकच पाहिजे," मी म्हणालो. "सेट चालू करणार, रोह्याला नेणार, त्यांच्यासमोर लावणार, आणि ते वाक्य त्यांना परत घ्यायला लावणार. बाकी मला काही नको."

"आणि नाही झाला तर?"

"नाही झाला तर ते खरे."

आणि मी सेटसाठी टेबल रिकामं करायला घेतलं.

सेट आला. वीस इंची, दोन बाजूंना सरकणारी लाकडी दारं, त्यांवर काकूने कधीतरी विणलेला रुमाल अजून तसाच. मागचं झाकण उघडलं तर आत पालीची अंडी, बोटभर धूळ, आणि खाडीच्या हवेने हिरवे पडलेले सांधे. आणि पिक्चर ट्यूबच्या मानेकडे गेलेल्या तीन वायरी. एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी. दोऱ्याचा रंग उडाला होता, पण गाठी घट्ट. क्षणभर मी एकोणीस वर्षांचा होऊन उंबऱ्याकडे बघितलं. तिथे काकू नव्हती, माझी मांजर होती.

पहिले तीन दिवस नुसती सफाई. ब्रश, स्पिरिट, सांधे नव्याने टाकणं. सुकलेले कपॅसिटर सगळे बदलले, ते अजून मिळतात. लाइन ट्रान्झिस्टर उडाला होता, तो जुन्या डब्यात सापडला. चौथ्या दिवशी खरी बोंब कळली. ईएचटी फुटली होती. ईएचटी म्हणजे पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, टीव्हीचं काळीजच म्हणा. तिच्या अंगावर वरपासून खालपर्यंत तडा. पनवेलला फोन केले, कल्याणला केले. एकजण म्हणाला, काका, म्युझियममध्ये विचारा. त्याला मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. बायकोने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "तुम्हीच एक टीव्ही भावोजींना नव्हता का दिला? मूर्ती ठेवायला?"

अरे देवा! काखेत कळसा आणि गावाला वळसा!

दुकान नवीन असताना एका माणसाने माझी पाटी न वाचता रंगीत सेट ठेवला आणि परत न्यायला आलाच नाही. वर्षभराने मी तो दादाच्या कारखान्यात टाकला. सेट मास्तरांच्या सेटच्याच कंपनीचा, दारंही तशीच सरकती. मी चप्पल पायात अडकवून पळालो. दादा सत्तरीचा, पण आखणी अजून तोच करतो. एका मोठ्या मूर्तीसमोर बसला होता, आणि मूर्तीच्या खाली, भिंतीकडे तोंड करून, तोच सेट.

"दादा, खालचा टीव्ही पाहिजे."

"टीव्ही कुठला? तो पाट हाय माझा."

"पाट आतून पाहिजे."

दादाने ब्रश काढून धरला. "देवाच्या खालून पाट काढतोस? एक डोळा झालाय, एक राह्यलाय."

"मग दुसरा कर, मी थांबतो."

थांबलो. दादाने सावकाश दुसरा डोळा काढला, ब्रश खाली ठेवला, आणि वडिलांसारखंच म्हणाला, "झाला देव." मग चौघांनी मिळून मोरया म्हणून मूर्ती उचलली आणि मी पाट घेऊन घरी आलो. आत शाडूच्या पुडीचा थर बसलेला, वायरी उंदरांनी खाल्लेल्या. पण ईएचटी शाबूत! तडा नाही, गंज नाही. मी ती स्पिरिटने धुतली, दोन दिवस उन्हात ठेवली, आणि येता-जाता तिच्याकडे बघत राहिलो. बायको म्हणाली, पहिल्या नातवाकडे पण एवढं बघितलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी सेट जोडला. आमच्या धंद्यात शंका असलेला सेट थेट विजेवर लावत नाहीत, मध्ये शंभरचा बल्ब जोडतात. बल्ब लख्ख पेटून राहिला तर आत जळालंय समजायचं, पेटून मंद झाला तर जगलं. मी बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला. मग तो हळूहळू मंद झाला, लालसर झाला, आणि ईएचटीने सूं असा बारीक आवाज धरला. काचेजवळ हात नेला तर हातावरचे केस उभे राहिले. "जिवंत आहे!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की समोरचा चपलांचा दुकानदार रस्ता ओलांडून आला.

आता चित्र. जुन्या सेटला आजचा बॉक्स थेट लागत नाही. गडबचा एक जुना केबलवाला आहे, आता घरोघर वायफाय लावत फिरतो. त्याच्या माळ्यावर केबलच्या काळातला मॉड्युलेटर होता, म्हणजे आजचं चित्र जुन्या टीव्हीला समजेल अशा भाषेत सांगणारं खोकं. त्याने स्वतः आणून दिलं आणि निकाल बघायला थांबला. चॅनल लावलं. सगळी माणसं हिरवी. ट्यूबमधला लाल रंग दमला होता.

त्याला एकच उपाय. ट्यूबच्या लाल भागाला क्षणभर नेहमीपेक्षा जास्त दाब द्यायचा. जुनी काजळी झडली तर लाल परत येतो. नाहीतर ट्यूब कायमची जाते, आणि मग कुणाचा बाप आणू शकत नाही. केबलवाला म्हणाला, "काका, हिरवा तर हिरवा, द्या तसाच." मी त्याला बाहेर बसवलं. डोळे मिटले, काकूचं नाव घेतलं, आणि दाब दिला. आत एक ठिणगी दिसली. सेट परत जोडला, आणि पडद्यावर कुणीतरी कुंकू लावलेली बाई हसत होती. कुंकू लाल. लालभडक! मी बायकोला खुर्चीवरून उठवून फुगडीच घालायची बाकी ठेवली.

राहिला रंग लावायचा.

आधी करडा. तीन गाठींच्या वायरींमागे तीन छोटी बटणं, एकेक करत चित्र स्वच्छ करड्यावर आणलं. मग रंग उघडला. साठावं वर्ष लागलंय, केसाएवढ्या तारेचे सांधे मी डोळे मिटून टाकतो, आणि त्या एका बटणाला हात लावताना मला घाम फुटला. तरी लावला. बातम्यांच्या बाईचा चेहरा जमवला, गाल, कपाळ, मागे सरकून बघितलं. छान वाटलं.

बायको मागून म्हणाली, "गणपती बाप्पा मोरया!"

परत तोच! चाळीस वर्षांनी, तोच गुलाबी! मी स्क्रू ड्रायव्हर भिंतीवर फेकला. म्हटलं, खरं होतं त्यांचं. नाहीच माझ्या हातात रंग. बायकोने स्क्रू ड्रायव्हर उचलून आणला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुमची काकू काय करायची सांगितलं होतंत? आधी पडदा बघायची, मग माणूस बघायची, मग परत पडदा. तुम्ही माणूस बघितलात का?"

मी बघितला नव्हता. मी मनातला चेहरा बघून लावत होतो, आणि माझ्या मनात देव बसलेला. मी तिला टीव्हीच्या शेजारी बसवलं. "आता हे काय? माझं थोबाड नमुन्याला?" असं म्हणत बसली, पदर मात्र नीट केला. मी तिच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. लाल कमी. परत तिच्याकडे. गव्हाळ, गालावर उन्हाचा काळसर डाग, तोच कपाळावरही थोडा. संसाराच्या एवढ्या वर्षांत मी तिचा चेहरा एवढा वेळ सलग बघितला नव्हता. ती लाजून म्हणाली, "पुरे की." पण मी पुरं केलं नाही. जमेपर्यंत बघितलं, आणि जमलं.

शनिवारी टेंपो केला. मी मागे सेटला मिठी मारून बसलो, वडखळ, गडब, नागोठणे, प्रत्येक खड्ड्याला शिव्या घालत. रोह्याला घर रिकामं, भिंतींवर कॅलेंडरांचे चौकोन. मास्तर एका खुर्चीत. एवढासा झालेला माणूस. मी पाया पडलो, रागातही पडलो, हात सवयीने गेले. सेट उंबऱ्यासमोर ठेवला, जोडला, दारं सरकवली, बटण दाबलं.

सूं आवाज आला. चित्र उमललं. मास्तरांची मुलगी दारातून "आईगं!" म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून रडायला लागली. शेजारचे लोक जमले. एक आजी म्हणाली, "अगो, आपला जुना टीव्ही!" सगळे हसत होते, बोलत होते. मी फक्त मास्तरांकडे बघत होतो. बोला. बोला ना आता! हात बघा माझा!

मास्तर खूप वेळ बघत राहिले. अगदी त्या दिवशी बघितलं होतं तसंच. मग म्हणाले, "ती बाई हाय ना, तिची साडी कुठल्या रंगाची?"

मला वाटलं, परीक्षा. "हिरवी, मास्तर. काठ लाल."

"तुला काठ वेगळा दिसतो?"

"म्हणजे? लाल आहे ना."

"मला नाय दिसत," मास्तर म्हणाले. "लाल आन हिरवा मला एकच. जल्मापासून."

माझ्या डोक्यात एकामागून एक सगळं पडायला लागलं. मीटर. रंगावर विश्वास ठेवू नको. एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी. काय म्हणतेस गो? अरे, मी तीन वर्षं त्या माणसाच्या शेजारी बसलो आणि मला प्रेम दिसलं, डोळे नाही दिसले!

"रंगीत टीव्हीचा मास्तर, आन रंग दिसत नाय," ते म्हणाले. "कळलं असतं तर कोण आला असता दुकानात? तिला फक्त ठाऊक. या पोरीला पण आज कळतंय. त्या दिवशी ती नव्हती. तू लावलास, मी बघितला, मला काय कळणार? ठीक हाय म्हणालो. साहेब डोळ्यांवर बोलला तशी मला भीती वाटली. माझं उघडं पडू नये म्हणून तुझ्यावर ढकललं."

"मास्तर, चूक माझीपण होती. गुलाबी झाला होता."

"झाला असंल. ती असती तर सांगितलं असतं, दोन मिनिटांत शिकला असतास. तुझ्या हाताला काय झालं नव्हतं रे." त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. "पनवेलला डॉक्टरकडे जाताना एसटीतून तुझी पाटी दिसायची. दरवेळी वाटायचं, उतरावं आन ती पाटी काढायला सांगावं. नाय उतरलो. आता सांगतो. काढ ती."

मला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं, मागितलं होतं त्याहून कितीतरी जास्त मिळालं होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. चाळीस वर्षांचा राग कुठे गेला ते मी शोधलंही नाही.

मास्तर पुढे वाकले. मान वर न करता, जुन्या सवयीने, रंगाच्या बटणाला हात लावला. पण या वेळी त्यांनी उंबऱ्याकडे विचारलं नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणतोस? झाला का माणूस?"

मी डोळे पुसले. अशा कामात घाई चालत नाही. म्हणालो, "मास्तर, जरा पडद्याच्या शेजारी सरकून बसा." ते सरकले. मी उंबऱ्यावर जाऊन बसलो, काकूच्या जागी. पडदा बघितला. मग मास्तरांचं तोंड बघितलं, उन्हाने आणि सोल्डरच्या धुराने रापलेलं, म्हातारं, ओलं. परत पडदा.

"लाल कमी करा," मी म्हणालो. "थोडं अजून. हां."

त्यांनी हात सोडला.

"आता झाला माणूस," मी म्हणालो, आणि अख्ख्या घराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो.